संशोधन इमारत : सगळी वातानुकूलित की दोन भागांत?

बेळगाव-खानापूर पट्ट्यात विद्यापीठासाठी संशोधन इमारत बांधायची तर दोन आराखडे समोर ठेवून बघा. पहिला काचेच्या, संपूर्ण वातानुकूलित इमारतीचा, छतावर सौर पॅनेल. दुसऱ्यात प्रयोगशाळांचा बंदिस्त भाग वेगळा. प्राध्यापकांच्या खोल्या, अभ्यासिका, व्हरांडे मोकळ्या हवेवर. माझा कौल दुसऱ्याला आहे.

आपलं बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर. एप्रिलात दुपारी पारा ३६ अंशांच्या आसपास जातो, पण पहाटे विशीपर्यंत उतरतो. रात्री खिडक्या उघड्या ठेवून स्लॅब नि भिंती गार करून घेतल्या, तर बसायच्या खोल्यांना दुपारी बहुतेकदा पंखा पुरतो. खिडकीच न उघडणाऱ्या काचेच्या इमारतीला या गारव्याचा काहीच उपयोग नाही.

प्रयोगशाळेत मात्र सर्वांत जास्त वीज खातं ते वायुवीजन. फ्यूम हूड, म्हणजे रसायनांच्या घातक वाफा पंख्याने ओढून घेणारं, पुढे सरकती काच असलेलं कपाट, खोलीतली थंड केलेली हवा सतत बाहेर फेकतो आणि तेवढीच नवी हवा पुन्हा थंड करावी लागते. हूडची काच वर सरकवलेली, समोर कुणीच नाही, तरी पंखा पूर्ण वेगात, हे दृश्य नेहमीचं. काच खाली केली की हवेचा प्रवाह आपोआप कमी होईल अशी यंत्रणा निविदेतच मागा. पंख्याचा वेग निम्मा झाला तर त्याला लागणारी वीज जवळपास आठव्या हिश्श्यावर येते. ही यंत्रणा नसेल तर दुसरा आराखडाही महागात पडेल.

उत्तरेला ऊन येत नाही, हा समज इथे चालत नाही. मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो, म्हणून त्या बाजूलाही छज्जा हवाच. पश्चिमेकडून ऊन आणि पाऊस दोन्ही झोडपतात. तिथे जिने, स्वच्छतागृहं, कोठारं टाका.

मोकळ्या भागाला जांभा उत्तम, पण तो पाणी पितो, तेव्हा छपराची वळचण रुंद ठेवा. वातानुकूलित भागाला एएसी ब्लॉक (आत हवेचे बारीक बुडबुडे असलेले हलके सिमेंटचे ठोकळे) बरे, बाहेरची उष्णता आत कमी येते.

बहुतेक जागा सूक्ष्मदर्शक आणि पेशीसंवर्धनाला लागणार असेल, तर पहिला आराखडा घ्या. पावसाळ्यातल्या दमटपणात भिंगांवर बुरशी चढते. तरीही पश्चिमेची काच काढायला लावा.

सौर पॅनेल दोन्हींत बसतील, पण त्यांचा हिशेब शेवटी. जून ते सप्टेंबर ढगांमुळे त्यांची वीज घटते, हूड मात्र चालूच असतात.