पंडिता रमाबाईंचे श्राव्य चरित्र : एक अभिप्राय
दुष्काळाच्या उपासमारीत आईवडील गमावलेली रमा भावासोबत पायी भटकत १८७८ साली कलकत्त्याला पोहोचते आणि तिथल्या विद्वानांकडून ‘सरस्वती’ ही पदवी मिळवते, तो भाग निवेदिकेने इतक्या संथ, भरल्या आवाजात वाचला आहे की मी तो दोनदा ऐकला. मुंबईत १८८९ साली विधवांसाठी स्थापन झालेले शारदा सदन मात्र घाईने उरकले आहे. पुण्याजवळच्या केडगाव येथील त्यांच्या आश्रमाचे प्रकरण सर्वांत सरस उतरले आहे : दुष्काळातून आणलेल्या मुलींचा सांभाळ, त्यांच्याच हातांनी चालणारा छापखाना, आणि हिब्रू व ग्रीक शिकून रमाबाईंनी अखेरपर्यंत चालवलेले बायबलचे सोपे मराठी भाषांतर. धर्मांतरावरून उठलेला वाद टाळलेला नाही, याबद्दल निर्मात्यांचे मनापासून आभार.