अक्षता एकदाच पडल्या पाहिजेत: बीएसएस ब्ल्यू-१०० वापरून झाल्यावर

अमळनेरजवळच्या एका मंगल कार्यालयात मागच्या दिवाळीनंतर बीएसएस कंपनीचा साउंडवेब लंडन ब्ल्यू-१०० बसवला, म्हणजे माईक आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या मधे बसून आवाज सांभाळणारा डिजिटल प्रोसेसर. अख्खा लग्नाचा सीझन आणि मे महिना त्याच्यावर काढून झालाय, म्हणून आता लिहितोय. आधी तिथे साधा मिक्सर होता, दोन अ‍ॅम्प्लिफायर, आणि मागच्या लोकांना ऐकू येत नाही म्हणून स्टेजपासून २४ मीटरवर नंतर कुणीतरी ठोकलेले दोन स्पीकर. त्या दोन स्पीकरनी सगळा घोळ केला होता, मागच्या रांगेत "सावधान" आधी डोक्यावरून यायचं मग स्टेजकडून, आणि अक्षता दोन हप्त्यात पडायच्या.

वस्तू म्हणाल तर रॅकमधला एक पट्टा, १ यू म्हणजे जेमतेम पावणेदोन इंच उंच. १२ इनपुट, ८ आउटपुट, पुढे नुसते दिवे. ना स्क्रीन ना नॉब. मालकानं खोक्यातून काढल्या काढल्या विचारलं, "भाऊ, याले एकबी बटन नही शे?" नाही आहे, आणि माझ्यासाठी अर्धे पैसे तिथेच वसूल झाले, कारण जुन्या मिक्सरवर प्रत्येक लग्नात नवरदेवाचा एक आतेभाऊ येऊन ट्रेबल फुल करून जायचा.

खरी मजा सॉफ्टवेअरमध्ये आहे. स्वस्तातल्या प्रोसेसरमध्ये आवाजाचा रस्ता कंपनीनं आधीच आखलेला असतो, इक्यू (जाड-बारीक सूर कमीजास्त करणारा) मग कॉम्प्रेसर (मोठा-लहान आवाज सारखा करणारा) मग लिमिटर (एका मर्यादेवर जाऊ न देणारा), तुम्ही फक्त आकडे बदलायचे. इथे कोरं पान मिळतं, त्यावर असे एकेका कामाचे डबे ओढून ठेवा, वायरी जोडा, मग ती फाईल मशीनमध्ये लोड करा. म्हणजे डिझाईन तुमचं आणि चूकही तुमचीच. आकडे चालू कार्यक्रमात बदलता येतात पण नवीन डबा टाकायचा तर परत लोड करावं लागतं आणि तेवढा वेळ आवाज बंद, त्यामुळे लग्नाच्या दिवशी हुशारी करायची नाही.

मागच्या स्पीकरचं सांगतो. स्टेजपासून २४ मीटरला आवाज साधारण ७० मिलिसेकंद घेतो, म्हणून मागचा स्पीकर तेवढा उशिरा वाजवायचा, त्यावर अजून १२ टाकले म्हणजे आवाज स्टेजकडूनच येतोय असं कानाला वाटतं, मागचा स्पीकर चालू आहे हे लक्षातच येत नाही. आपल्याकडे मे मध्ये ४४ डिग्रीला हवा गरम म्हणून आवाज जरा जोरात पळतो, ६७ च्या आसपास येतो, थंडीत ७१. चार मिलिसेकंदांनी कुणाचं लग्न मोडत नाही, एकदा लावलं आणि सोडून दिलं.

स्टेजवर चार माईक, गुरुजींचा, सूत्रसंचालकाचा आणि दोन कोण उचलेल त्याचे. चालू माईक दुप्पट झाले की माईक शिट्टी मारायला लागण्याआधी आवाज वाढवायला उरलेली जागा ३ डीबीनं (डेसिबल, आवाजाचं माप) कमी होते, म्हणून ऑटोमिक्सर टाकला, जो बोलतो त्याचाच माईक वर, बाकीचे आपोआप खाली. गुरुजींच्या माईकला १२० हर्ट्झखाली, म्हणजे एकदम जाड सूर, कापलं, माईकवरची धपधप गेली. जेवणाचा हॉल, लॉन, नवरीची खोली सगळे वेगळे झोन. मशीनच्या मागच्या कंट्रोल इनपुटला साधा पॉट (रेडिओच्या व्हॉल्यूमसारखा फिरवायचा भाग) जोडून जेवणाच्या हॉलच्या भिंतीवर एक नॉब दिलाय, पण त्याची झेप मी आत बांधून ठेवलीय, कितीही फिरवा.

एक गंमत माझ्याच अंगाशी आली. जेवणाच्या हॉलमध्ये गोंगाट वाढला की सनई आपोआप वाढेल असा डबा लावला आणि वरची मर्यादा ढिली ठेवली. पंगत बसली, लोक बोलायला लागले, सनई वाढली, म्हणून लोक अजून ओरडायला लागले, वाढपी भरिताची बादली घेऊन खुणेनं विचारत होते. आता ६ डीबीच्या वर जात नाही.

न आवडलेलं पण सांगतो. सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं. यात इको कॅन्सलेशन (समोरच्याला त्याचाच आवाज परत ऐकू जाऊ न देणारी सोय) नाही, ऑनलाईन मीटिंगची रूम करायची असेल तर ब्ल्यू-१०१ बघा, हा घेऊन पस्तावाल. लाईट गेली तर फाईल आत सेव्ह राहते, पण चालू व्हायला वेळ घेतो आणि मंगलाष्टकं काही थांबत नाहीत, म्हणून छोटा यूपीएस लावाच, आणि पत्र्याच्या खोलीत रॅक असेल तर पंखापण. ज्याच्याकडून घेतला तो प्रोग्रामिंग फुकट करून देतो म्हणाला होता, बिल झाल्यावर फोन उचलायचा बंद झाला, म्हणून शिकलो, तीन रात्री गेल्या. त्याचं नाव काय घ्यायचं.

आणि कुणी म्हणालं की याने हॉलचा घुम जातो, तर नाही जात. खाली गुळगुळीत फरशी, तिन्ही बाजूंनी काच, त्याला पडदेच लागतात. मालकानं पडद्यांऐवजी झुंबर घेतलं.

दोन आउटपुट अजून मोकळे आहेत. मालक म्हणतो पार्किंगमध्ये स्पीकर टाकू, मी अजून हो म्हटलेलं नाही.