गाडी पावसाळाभर उभी होती, बॅटरी बसली आणि आम्ही ३९,८०० रुपयांना फसलो

गाडी काकांची आहे, पण तो फोन मी लावला होता. त्यामुळे हे लिहायची जबाबदारीही माझीच.

काका तीस वर्षं जहाजावर इंजिनियर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी एकच हौस केली, २००८ ची पोर्श बॉक्स्टर सेकंडहँड घेतली. दोन सीटची, कापडी टपाची. इंजिन सीटांच्या मागे, पुढे छोटी डिकी आणि बॅटरी त्या डिकीत. रविवारी पहाटे साडेपाचला पार्ल्याहून निघायचं, सी लिंकवरून वरळी, पुढे मरीन ड्राइव्हला एक चक्कर मारून सातच्या आत घरी. एवढंच तिचं चालणं. जूनपासून तेही बंद होतं. यंदा मे महिन्यात काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, मी ठाण्याला राहते, आणि गाडी बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी राहिली ती थेट गणपती होईपर्यंत.

विसर्जनानंतरच्या रविवारी मी मुद्दाम गेले. काठी टेकत का होईना, काकांना एकदा गाडीत बसवायचं होतं. रिमोट दाबला, काहीच नाही. चावीच्या पात्याने दार उघडलं, आतला दिवासुद्धा लागला नाही. पुढची डिकी उघडावी तर तिचं लॉकही विजेवर चालतं. म्हणजे बॅटरी डिकीत आणि डिकी उघडायला बॅटरी हवी. या गाडीत त्यावर सोय आहे. पाय ठेवायच्या जागेत बाजूला फ्यूज बॉक्स असतो, त्यातून एक टर्मिनल बाहेर ओढता येतं. त्याला बाहेरून बारा व्होल्ट दिले, निगेटिव्ह दाराच्या धातूला लावली, की डिकी उघडते. गाडीच्या पुस्तकात हे सगळं दिलेलं आहे. पुस्तक मात्र डिकीत होतं.

मी मोबाइलवर ‘बॅटरी जंपस्टार्ट पार्ले’ असं शोधलं आणि पहिला आलेला नंबर लावला. तो जाहिरातीचा होता, हे मी पाहिलं नाही. माझी चूक इथून सुरू झाली. पलीकडचा माणूस फार अदबीने बोलला. ‘मॅडम, फक्त तीनशे रुपये व्हिजिट. गाडी कोणती?’ मी अभिमानाने सांगितलं.

पाऊण तासात दोन मुलं स्कूटरवर आली. फ्यूज बॉक्समधलं ते टर्मिनल त्यांनी दोन मिनिटांत शोधलं आणि डिकी उघडली. म्हणजे त्यांना काम येत होतं. हे मुद्दाम सांगतेय, कारण अशी माणसं अडाणी असतात, लगेच ओळखू येतात, असा आपला समज असतो. त्यांनी मीटर लावून ३.१ व्होल्ट दाखवले. ‘सेल शॉर्ट आहे,’ मोठा म्हणाला. मग एक छोटा बूस्टर, म्हणजे बाहेरून जोर देणारी हातातली बॅटरी, लावून सेल्फ मारला. नुसती खटखट झाली. बूस्टरचा चिमटा पोलवर नीट बसलाच नव्हता, असं आता मला वाटतं, पण तेव्हा मी चिमट्याकडे नाही, काकांच्या चेहऱ्याकडे बघत होते.

नंतर त्याने भीती घातली. या बॅटरीला चार्जिंग करायला गेलात तर ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, उडेल, ईसीयू दोन लाखांचा, जबाबदारी आमची नाही. काका म्हणाले, ‘अरे, सावकाश चार्ज करून बघू ना रात्रभर.’ त्यावर तो हसून म्हणाला, ‘अंकल, ये जहाज नहीं है.’ पासष्टी ओलांडलेल्या, आयुष्यभर जनरेटर आणि बॅटऱ्या सांभाळलेल्या माणसाला असं म्हणतात आणि शेजारी उभी असलेली पुतणी म्हणते, ‘काका, राहू द्या, त्यांना माहिती असेल.’ हे माझं वाक्य मला अजून टोचतं.

‘इंपोर्टेड एजीएम’ (आतलं आम्ल काचतंतूंच्या थरात शोषून ठेवलेली) बॅटरीचे ३४,००० रुपये, ‘कोडिंग’चे ६,५०० आणि व्हिजिटचे ३००. जुन्या बॅटरीचे १,००० वजा. एकूण ३९,८०० रुपये मी क्यूआर कोडवर भरले. कोड दुकानाच्या नावाचा नव्हता, कुणा व्यक्तीच्या नावाचा होता. पावती म्हणून पिवळ्या कागदावर आकडे लिहून दिले, त्यावर ना जीएसटी क्रमांक, ना पत्ता, ना बॅटरीचा सीरियल नंबर.

‘कोडिंग’ कसं केलं तेही सांगते. स्कॅनर लावून त्यांनी लाल अक्षरांतल्या चुकांची मोठी यादी दाखवली आणि एक बटण दाबून पुसून टाकली. व्होल्टेज पडलं की अशा गाड्यांमध्ये बहुतेक सगळे कंट्रोल युनिट एकेक चूक नोंदवतात. तो बॅटरी बसल्याचा परिणाम असतो, वेगळा बिघाड नसतो. नवीन बॅटरीची नोंद कॉम्प्युटरवर करावी लागते अशा गाड्या आहेत, बीएमडब्ल्यूच्या बऱ्याच मॉडेलांना ती लागते. काकांच्या बॉक्स्टरला लागत नाही. एका गाडीचं खरं दुसऱ्या गाडीवर चिकटवून साडेसहा हजार घेतले.

गाडी सुरू झाली तेव्हा डॅशबोर्डवर पीएसएमचा, म्हणजे गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा, पिवळा दिवा राहिला. ‘स्टिअरिंगचा सेन्सर गेलाय, १८,००० लागतील, आत्ताच करून टाकू,’ तो म्हणाला. तेव्हा मात्र काका काठी ठेवून आत बसले. स्टिअरिंग एकदा पूर्ण डावीकडे, एकदा पूर्ण उजवीकडे फिरवलं. दिवा गेला. बॅटरी काढून लावली की या गाडीला स्टिअरिंगचं मधलं ठिकाण पुन्हा कळावं लागतं, एवढंच होतं ते. काका फक्त म्हणाले, ‘बास, आता निघा.’ ती दोघं जुनी बॅटरी स्कूटरवर पायांत घेऊन निघून गेली.

ती बॅटरी जाऊ दिली, ही सगळ्यात मोठी चूक.

अकराव्या दिवशी गाडी पुन्हा बंद पडली. त्या नंबरवर दोनदा ‘उद्या मुलगा पाठवतो’ असं उत्तर मिळालं, मग फोन लागेनासा झाला. अंधेरीहून काकांच्या ओळखीचे इलेक्ट्रिशियन आले. त्यांनी आधी स्टिकरच्या कोपऱ्याला नख लावलं. खाली दुसऱ्या कंपनीचं स्टिकर होतं. तारखेचा शिक्का घासून काढलेला. एजीएम नाहीच, साधी पाण्याची बॅटरी, तीही आकाराने लहान. तळाचा क्लॅम्प बसत नव्हता म्हणून बाजूला रबराचा तुकडा कोंबलेला. बॅटरीतला वायू डिकीबाहेर नेणारी बारीक नळी तशीच लोंबत होती. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. बंद डिकीत तो साठू देणं किती धोक्याचं आहे, हे सांगताना त्यांचाच आवाज चढला. रात्रभर चार्ज करून लोड टेस्ट केली, म्हणजे बॅटरीवर मोठा भार टाकून व्होल्ट पाहिले. चांगली बॅटरी अशा टेस्टमध्ये ९.६ व्होल्टच्या खाली जात नाही, ही साडेसातवर आली.

आमची जुनी बॅटरी दोन वर्षांची होती. ती वाचली असती का? इलेक्ट्रिशियन म्हणाले, हातात असती तर सांगितलं असतं. गाडी बंद असली तरी अलार्म, रिमोटचा रिसीव्हर, घड्याळ थोडा थोडा करंट घेतच असतात. ४० मिलिअँपिअर धरला तर दिवसाला साधारण एक अँपिअर-अवर (बॅटरीतली साठवण मोजायचं माप) होतो. ७० अँपिअर-अवरची बॅटरी सत्तर दिवसांत रिकामी, आणि सेल्फ घेण्याइतका जोर त्याच्या कितीतरी आधीच संपतो. आमची गाडी शंभर दिवस उभी होती. इतके दिवस रिकामी राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं, मग ती परत येईलच असं नाही. पण सावकाश चार्जिंग, मग काही तास विश्रांती, मग मीटर, मग लोड टेस्ट, हे झाल्याशिवाय ‘मेली’ असं कुणी म्हणू शकत नाही. विश्रांतीनंतर १२.६ च्या आसपास व्होल्ट दिसले तर बॅटरी भरलेली आहे, १२ च्या आत असेल तर जवळजवळ रिकामी. मी लॅमिंग्टन रोडवरून साधा डिजिटल मीटर आणला. तो आधी घरात असता तर त्या मुलाचे आकडे मी स्वतः पडताळले असते.

तक्रार केली. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन केला, पोलीस ठाण्यात अर्ज दिला. दोन्हीकडे पहिला प्रश्न तोच होता, बिल कुठे आहे, दुकानाचं नाव काय. माझ्याकडे पिवळा कागद आणि क्यूआर कोडवरचं एक नाव. पैसे अजून आलेले नाहीत.

तुमच्यावर अशी वेळ आली तर त्या दिवशी काहीही विकत घेऊ नका. गाडी बंद पडली आहे, पण उभी घरातच आहे, तिला एक दिवस थांबायला काय झालं? बूस्टर किंवा दुसऱ्या गाडीच्या केबल नीट, पॉझिटिव्हला पॉझिटिव्ह अशा लावल्या तर ईसीयू उडत नाही, उलट्या लावल्या तर नुकसान होतं. नवीन बॅटरी दुकानात जाऊन घ्या, सीरियल नंबर बिलावर लिहून घ्या आणि वॉरंटीची नोंद समोर करून घ्या. जुनी बॅटरी दुकानदार परत घेतोच, २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसारही ती भंगारवाल्याकडे नाही, रीतसर परत जायला हवी. पण दुसऱ्या जाणत्या माणसाने तपासेपर्यंत ती घरातून हलू देऊ नका. तिच्यातल्या शिशाला किंमत आहे, आणि ती बॅटरीच तुमच्याकडचा एकमेव पुरावा आहे.

आता सोसायटीच्या परवानगीने मीटर रूममधून एक वायर घेतली आहे. बॅटरी भरलेली ठेवणारा छोटा मेंटेनर चार्जर कायम लावलेला असतो. गाडीचं पुस्तक काकांच्या कपाटात आलं आहे.

परवा मी पुन्हा तसंच शोधून पाहिलं. पहिला नंबर वेगळा होता, नावही वेगळं. फोन उचलणाऱ्याचा आवाज मी लगेच ओळखला. ‘मॅडम, फक्त तीनशे रुपये व्हिजिट. गाडी कोणती?’ मी म्हटलं, ‘बॅटरी बदललीत तर जुनी माझ्याकडे राहील, आणि सीरियल नंबरसकट जीएसटीचं बिल लागेल. चालेल?’

फोन कट झाला.