ब्राउझरमधला लिनक्स आणि कंट्रोल-डब्ल्यू : आठ महिन्यांच्या वापरानंतर

गड्ड्याची, म्हणजे सोलापुरातल्या सिद्धेश्वर यात्रेची, गर्दी ओसरल्यानंतरच्या पहिल्याच संध्याकाळी शिकवणीतल्या एका विद्यार्थिनीने टर्मिनलमधला, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीतला, चुकलेला शब्द खोडण्यासाठी कंट्रोल-डब्ल्यू दाबले आणि तिचे सव्वा तासाचे काम टॅबसकट नाहीसे झाले. शब्द खोडण्याची ही युक्ती तिला आदल्याच आठवड्यात मी शिकवली होती, त्यामुळे रागवायला समोर कोणी उरले नाही. जूनपासून मी ब्राउझरमधल्या लिनक्सवर, म्हणजे वेबपानातच चालणाऱ्या विंडोजसारख्या दुसऱ्या प्रणालीवर, शिकवत आहे. तोवर तिच्याबद्दल माझे मत फारच चांगले होते. त्या संध्याकाळी ते बिघडले आणि आता बरेचसे ताळ्यावर आले आहे.

जुळे सोलापुरात घराच्या पुढच्या खोलीत माझे सहा संगणक आहेत, सगळे जुने घेतलेले आणि प्रत्येकी ४ जीबी रॅमचे. त्यांवर व्हर्च्युअल मशीन, म्हणजे विंडोजच्या आत चालणारा दुसरा नकली संगणक, चालत नाही, रांगते. विंडोज काढून लिनक्स टाकावे, तर सकाळी त्याच संगणकांवर पत्नी टॅलीचे वर्ग घेते. सहाही संगणकांची रॅम वाढवण्याचा हिशोब मी एकदा कागदावर मांडला आणि तो कागद घडी करून ठेवून दिला.

म्हणून सुरुवात जेएसलिनक्सपासून केली. व्हिडिओ हाताळणारे एफएफएमपेग आणि संगणकाची नक्कल करणारे क्यूईएमयू लिहिणाऱ्या फाब्रिस बेलार यांनी २०११ मध्ये ते प्रसिद्ध केले. त्यात प्रोसेसरचीच नक्कल ब्राउझरमध्ये चालते आणि तिच्यावर खरा लिनक्स सुरू होतो. खाते काढावे लागत नाही, ही गोष्ट पुण्या-मुंबईच्या वाचकांना किरकोळ वाटेल. पण ज्या मुलाच्या घरी एकच मोबाईल आहे आणि तो विड्या द्यायला गेलेल्या आईसोबत कारखान्यात आहे, त्याला ओटीपी कोण सांगणार? वेग कमी आहे, साध्या सी प्रोग्रामलाही थांबावे लागते, परंतु त्यामुळे मुले कंपाइल करण्याआधी, म्हणजे प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवण्याआधी, ओळी पुन्हा वाचू लागली, याबद्दल माझी तक्रार नाही. सर्वांत आनंदाचा दिवस तो, ज्या दिवशी मी सगळ्यांना आज्ञांचे प्रोग्राम असलेला बिन फोल्डर पुसून टाकायला लावले. फाइलींची यादी दाखवणारे एलएस लिहिले तर आज्ञाच सापडेना, मुलांचे चेहरे उतरले. पान पुन्हा उघडल्यावर सर्व काही जागच्या जागी होते.

पुसलेले परत येते, त्याच कारणाने लिहिलेले जाते, हे मला तेव्हाच कळायला हवे होते. सगळी स्मृती टॅबमध्ये असते. फाइल हवी असेल तर ती एक्सपोर्ट_फाइल या आज्ञेने संगणकावर उतरवून घ्यावी लागते. आणि टर्मिनलमध्ये मागचा शब्द खोडणारे कंट्रोल-डब्ल्यू ब्राउझरने टॅब बंद करण्यासाठी स्वतःकडे राखून ठेवले आहे. एखाद्या लबाड पानाने बंद व्हायलाच नकार देऊ नये म्हणून ही तजवीज आहे, हे मला पटते. पण बोटांना पटत नाही.

चिडून मोठ्या मुलांना गिटहबच्या कोडस्पेसेसवर, म्हणजे इंटरनेटवरून वापरायच्या दूरच्या लिनक्स यंत्रावर, नेले. तिथे टॅब मिटला तरी काम दूरच्या यंत्रावर टिकते. महिन्याला १२० कोअर-तास (प्रोसेसरचे कोअर गुणिले तास) फुकट, म्हणजे दोन कोअरच्या यंत्रावर ६० तास. रोजचे दोन तास धरून २४ दिवसांचे ४८ होतात, उरलेले १२ शिल्लक राहतील असे वाटले होते. मात्र यंत्र बंद न करता मुले उठून गेली की ते आणखी अर्धा तास जागे राहते. २४ अर्धे तास म्हणजे नेमके १२. ही मुदत सेटिंगमध्ये पाच मिनिटांवर आणता येते, ती पहिल्याच दिवशी आणावी. अशाच दूरच्या यंत्रावर चालणाऱ्या गूगल क्लाउड शेलमध्ये ५ जीबी जागा आणि आठवड्याला ५० तास मिळतात. फक्त १२० दिवस फिरकले नाही तर फाइली पुसल्या जातात, हे परीक्षेनंतर दीर्घ सुट्टी घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

नवशिक्यांना मात्र मी पुन्हा जेएसलिनक्सवरच आणले आहे, कारण उपाय क्रोममध्येच सापडला. त्या पानाचा शॉर्टकट करून तो स्वतंत्र खिडकीत उघडला, की खिडकीत टॅबच नसल्याने कंट्रोल-डब्ल्यू आधी टर्मिनलकडे जाते आणि निमूटपणे शब्द खोडते. एक पैसा खर्च नाही. हे सापडायला मला तीन आठवडे लागले, आणि मधल्या काळात वैतागून एका कीबोर्डवरचे डब्ल्यूचे बटण मी उपटून काढले होते. दुसऱ्याच दिवशी तिथल्या मुलाने विचारले, “सर, आता व्हाइल कसं लिहायचं ओ?” बटणाची खाच तुटल्याने ते परत बसत नाही. नवा कीबोर्ड घेतलेला नाही. तो मी वापरतो.