म्हाताऱ्या कुत्र्यासाठी फरशीवर काय घालावं: योगा मॅट, सतरंजी की मोजे?

घोडबंदर रोडचा टॉवर असो की नेरुळमधलं सिडकोचं घर, बहुतेक ठिकाणी पायाखाली गुळगुळीत टाइल्सच. तुमचा म्हातारा कुत्रा उठताना नीट बघा. पुढचे पाय रोवतो, अंग वर खेचतो आणि मागचे पाय दोन बाजूंना फाकतात. मग परत बसतो. असं वारंवार झालं की तो उठायचंच टाळायला लागतो, आणि हालचाल कमी झाली की मांड्या आणखी बारीक होतात. म्हणून महागड्या गादीआधी फरशीचं बघावं.

माझा कौल योगा मॅटला. साधारण सहा फूट लांब, दोन फूट रुंद, टाइलला धरून राहणारी, पुसली की स्वच्छ. जाडी चार ते सहा मिलिमीटर पुरे. फार मऊ असेल तर पाय रुतून तोल जातो. नखांनी तिचे पापुद्रे निघतात, तेव्हा अधूनमधून बदलावी लागते. कुरतडायची सवय असेल तर मात्र घेऊ नका, गिळलेला तुकडा आतड्यात अडकू शकतो. खाचा जुळवून बसवायचे फोमचे चौकोन स्वस्त दिसतात, पण उतारवयात लघवीवरचा ताबा सुटतो आणि ती सांध्यांतून खाली झिरपते. जुलैत त्या वासाचं काय होतं ते सांगायला नको.

सतरंजीवर पंजा छान धरतो, आणि ती बहुतेक घरांत असतेच. अडचण एकच, टाइलवर सतरंजीच सरकते. खाली रबरी जाळी अंथरलीत तर चालेल. पावसाळ्यात धुतलेली लवकर वाळत नाही, तेव्हा दोन हव्यात.

रबरी ठिपक्यांचे मोजे पायात फिरतात आणि ठिपके वर येतात. कुत्र्याला पंजातून घाम येतो. दिवसभर घातले तर बोटांच्या बेचक्या ओल्या राहून खाज सुटते. लिफ्टच्या लॉबीपुरते, दवाखान्यापुरते ठीक.

काहीही घ्या, झोपायची जागा, पाण्याचं भांडं आणि दार यांना जोडणारी सलग वाट करा. सगळा हॉल झाकायची गरज नाही, पण मध्ये हातभर टाइल उघडी राहिली तर तो तिथेच अडतो. आणि खरेदीआधी नखं कापा, तळव्यांमधले वाढलेले केस छाटून घ्या. बरीचशी घसरण तिथलीच असते.

लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीत जिना चढताना पोटाखालून टॉवेल घालून मागचा भार उचलून धरा. पाय एकाएकी लुळे पडले तर तो फरशीचा प्रश्न नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तोवर घरातली आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल देऊ नका. मांजरासाठी तर पॅरासिटामॉलची एक गोळीही जीवघेणी ठरू शकते.