ग्रीक पुराणकथा: हॅमिल्टन, ग्रेव्ह्ज की फ्राय?

झ्यूस कोण आणि ट्रॉयचं युद्ध कशावरून पेटलं हे ढोबळ माहीत आहे, आता एखादा चांगला संग्रह घेऊन निवांत वाचायचा आहे, अशा वाचकासाठी हे लिहितो आहे. गेल्या काही वर्षांत माझ्याकडे असे पाच-सहा संग्रह जमले, सगळे इंग्रजी. त्यांतले तीन सतत हाताशी लागतात: एडिथ हॅमिल्टन यांचं ‘मायथॉलॉजी’, रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांचं ‘द ग्रीक मिथ्स’ आणि स्टीफन फ्राय यांचं ‘मिथॉस’. तिन्ही चांगली आहेत. तरी त्यांतलं एकच घ्यायचं तर मी हॅमिल्टन घेईन, आणि हे ज्या कारणावरून ठरवलं ते आधी सांगतो.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात माझी भाची राहायला आली होती. नववीतली मुलगी, वाचनाची भारी आवड. तिनं विचारलं, “मामा, मेडुसा जन्मापासूनच तशी होती की तिला कुणी तसं केलं?” मी माझ्याजवळच्या एका जाडजूड संग्रहाच्या भरवशावर ठामपणे सांगून टाकलं: ती सुंदर मुलगी होती, समुद्रदेव पोसायडननं तिच्यावर अथीना देवीच्या देवळात बळजबरी केली आणि देवळाचा विटाळ झाला म्हणून अथीनानं तिच्या केसांचे साप केले. दुसऱ्या दिवशी दुपारी ती दुसरं पुस्तक उघडून समोर आली. “यात तर ती जन्मापासूनच गॉर्गन, म्हणजे राक्षसीण आहे. तू सांगितलंस ते कुठलं?” आणि मला उत्तर देता येईना. त्या जाडजूड संग्रहात, मी आधी लक्षच दिलं नव्हतं, कुठली गोष्ट कुणाची याबद्दल एक ओळ नव्हती.

आमच्या दोन संध्याकाळी त्यात गेल्या. निघालं ते असं. इसवी सनापूर्वी ७००च्या आसपासच्या हेसिअड या ग्रीक कवीकडे तीन गॉर्गन बहिणी आहेत, त्यांतली मेडुसा तेवढी मर्त्य. पोसायडन तिच्याजवळ जातो तो मऊ कुरणात, वसंतातल्या फुलांमध्ये. तिथं देऊळ नाही, शापही नाही. देवळातली बळजबरी आणि सापांची शिक्षा येते रोमन कवी ऑव्हिडकडे, म्हणजे तब्बल ७०० वर्षांनी. मी ऑव्हिडची रोमन गोष्ट ‘ग्रीक’ म्हणून पोरीच्या हाती दिली होती. अकिलीस या वीराला फक्त टाचेवरच जखम होऊ शकते, ही गोष्टही तशीच, ती होमरकडे नाही. आज ती ज्या रूपात सांगितली जाते ते पहिल्या शतकातल्या स्टेशियस या लॅटिन कवीकडे सापडतं. जगातली सगळी दुःखं जिच्यातून बाहेर पडली ती पँडोराची पेटी हेसिअडकडे पेटी नव्हतीच, मोठा रांजण होता. त्याची पेटी झाली ती १६व्या शतकात इरॅस्मस या विद्वानाच्या लॅटिन लिखाणातून.

आपल्याला हा प्रश्न नवा नाही. लक्ष्मणरेषा मूळ वाल्मीकींत नाही हे ज्याला कळलं, तो पुढच्या प्रत्येक प्रसंगाला ‘हे कुणी घातलं?’ असं विचारू लागतो. त्या मे महिन्यापासून मी ग्रीक संग्रहांनाही तेच विचारतो. तुम्हाला याचं काहीच वाटत नसेल, तर माझी निवड तुमच्या कामाची नाही आणि फ्राय तुम्हाला जास्त आवडतील, हे मोकळेपणानं सांगतो.

फ्राय यांची गोष्ट सांगण्याची हौस पानापानांतून जाणवते. देव भांडतात, रुसतात, टोमणे मारतात, आणि संवाद इतके जिवंत की मोठ्यानं वाचून दाखवावंसं वाटतं. अर्थ लावणं हे आपलं काम नाही, आपण फक्त सांगणार, हे तेच सुरुवातीला सांगतात. तळटीपा आहेत, पण मला त्या बहुतेक शब्दांच्या उगमाच्या आणि नावांच्या गमतीच्या वाटल्या. गोष्ट कुठून उचलली ते मधूनमधून कळतं, दर वेळी नाही. दुसरी अडचण व्यवहाराची आहे. २०१७च्या ‘मिथॉस’मध्ये सृष्टीची उत्पत्ती आणि देवांच्या कथा आहेत. पर्सियस, हेराक्लीस, थीसियस हे वीर हवे असतील तर २०१८चं ‘हीरोज’ घ्यावं लागतं, युद्धासाठी २०२०चं ‘ट्रॉय’, आणि युद्धावरून ओडिसियसबरोबर घरी परतायला २०२४चं ‘ओडिसी’. चारही घेण्याची तयारी असेल तर प्रवास सुखाचा आहे.

ग्रेव्ह्ज यांचं प्रकरण वेगळं. १९५५मध्ये दोन खंडांत आलेलं हे पुस्तक, १७१ प्रकरणांचं. प्रत्येक प्रकरणात आधी कथा, मग आधारांची यादी, मग त्यांचं स्वतःचं भाष्य. आधारांच्या बाबतीत त्यांची मेहनत पाहून हात जोडावेत. हेच माझं आवडतं पुस्तक ठरेल असं मला बराच काळ वाटत होतं. पण वापरायला लागल्यावर दोन गोष्टी खुपल्या. पाच-सहा ग्रंथांतले तुकडे ते एका सलग परिच्छेदात गुंफतात आणि आधार शेवटी एकत्र देतात. त्यामुळे नेमकं कुठलं वाक्य कुणाचं, हे शोधायला मूळ ग्रंथच उघडावे लागतात. आणि भाष्य! झ्यूस वगैरे ऑलिंपसच्या देवांआधी सगळीकडे तीन रूपांच्या चंद्रदेवीची पूजा आणि मातृसत्ता होती, ही त्यांची मांडणी. अभ्यासक ती मानत नाहीत. कवीचं स्वप्न म्हणून वाचलं तर भाष्यही सुंदर आहे, पण पहिल्यांदाच वाचणाऱ्याला कथा कुठं संपली आणि ग्रेव्ह्ज कुठं सुरू झाले हे मनात सतत वेगळं ठेवावं लागतं. दुसरं किंवा तिसरं पुस्तक म्हणून मात्र घ्याच. नावांचे अर्थ देणारी त्यांची सूची मी अजून वापरतो.

बुलफिंच यांचं १८५५चं ‘द एज ऑफ फेबल’ फुकट मिळतं म्हणून बरेच जण तिथूनच सुरुवात करतात. इंग्रजी कवितेतले संदर्भ वाचकाला कळावेत म्हणून ते लिहिलं गेलं, आणि देवांची नावं रोमन आहेत: झ्यूसचा ज्युपिटर, अथीनाची मिनर्व्हा. त्यांची मेडुसा सौंदर्यात मिनर्व्हाशी स्पर्धा करायला जाते म्हणून शिक्षा भोगते. पोसायडनचा प्रसंग तिथून गायबच आहे. हे कळल्यावर मी ते मुलांना द्यायचं थांबवलं. अगदी लहानांसाठी डोलेर दांपत्याचं १९६२चं चित्रांचं पुस्तक पुरेसं आहे.

आता हॅमिल्टनबाई. पुस्तक १९४२चं. बाई अमेरिकेत बाल्टिमोरच्या एका मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, आणि त्यांच्या वाक्यांत तो नीटनेटकेपणा आहे. कुणाला ते थोडं कोरडं वाटेल. ऑव्हिडवर त्यांचा रोष आहे, त्याला शक्य तितकं टाळलं असं त्या प्रस्तावनेत लिहितात, आणि तो टाळल्यानं काही रंग हरवतात हे मलाही जाणवतं. शेवटी उत्तर युरोपातल्या नॉर्स कथांचा छोटा भाग आहे, तो नसता तरी चाललं असतं. पण बहुतेक प्रत्येक मोठ्या कथेच्या डोक्यावर तिरप्या अक्षरांत एक छोटी टीप असते: ही गोष्ट कुणी सांगितली, त्यांतलं कुणाचं मी घेतलं आणि का. चार-सहा ओळी, बस. वाचनाची लय मोडत नाही, आणि समोर कोण बोलतंय हे कळलेलं असतं.

त्याच टिपेचा धागा धरून पुढे जायचं असेल तर अपोलोडोरसच्या नावावर असलेला ‘लायब्ररी’ हा जुना ग्रीक ग्रंथ घ्यावा, रॉबिन हार्ड यांच्या १९९७च्या भाषांतरात. निम्मा भाग वंशावळीचा आहे, कंटाळा येतो. पण ‘काही जण असंही सांगतात’ म्हणून तो दुसरा पाठ शेजारी ठेवतो, आणि मेडुसानं सौंदर्यात अथीनाशी बरोबरी केली हा पाठही तिथंच आहे. बुलफिंचचा धागा आम्हाला तिथं सापडला.

भाचीला मी हॅमिल्टनची प्रत दिली. तिनं सगळ्यात आधी मेडुसाला मारणारा पर्सियस काढला. टिपेत लिहिलं होतं की कथा अपोलोडोरसवरून घेतली आहे आणि मधे सिमोनिडीस या त्याच्याहून कितीतरी जुन्या कवीच्या ओळी घातल्या आहेत. मग त्या ओळी आल्या. पेटीत कोंडून समुद्रात सोडलेली पर्सियसची आई डॅनाई, रात्र, वारा, आणि लाल वस्त्रात गुंडाळलेलं बाळ. लाटा त्याच्या जावळाजवळून जाताहेत आणि ते गाढ झोपलं आहे. ती तिथं थांबली, पुन्हा टीप वाचली आणि म्हणाली, “मामा, एवढाच तुकडा त्याचा आहे ना? बाकीची कविता कुठं मिळेल?”

बाकीची उरलेली नाही. तेवढाच तुकडा हाती आला आहे.