फॉस्टर मूल आणि गंभीर आजारपण: घरीच ठेवायचं, काही दिवस सोपवायचं की परत द्यायचं?

गाठीचा रिपोर्ट यायचा आहे, किंवा केमोच्या तारखा हातात पडल्यात, आणि घरात फॉस्टर केअरमधलं, म्हणजे बाल कल्याण समितीने (जिल्ह्यातल्या मुलांच्या काळजीचे आदेश देणारी सरकारी समिती) दत्तक न देता सांभाळायला सोपवलेलं, मूल आहे. अशा वेळी आजाराच्या नावाने घाबरून निर्णय घेऊ नका. उपचाराचं वेळापत्रक आणि रात्री मुलाजवळ कोण झोपणार, यावर ठरवा. नुसत्या तपासण्या चालू असतील तर काहीच बदलू नका. फक्त जिल्हा बाल संरक्षण कक्षातल्या सामाजिक कार्यकर्त्याच्या कानावर घाला.

घरीच ठेवणं

घरात दुसरं मोठं माणूस असेल तर आमचा कल इकडेच. शाळा, मित्र, अंथरुणाची जागा, काहीच बदलत नाही, आणि हे मूल एकदा घर सोडूनच आलेलं असतं.

अडचण येते ती ठरावीक दिवशी. केमो बऱ्याचदा 21 दिवसांच्या चक्राने देतात आणि साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात. शाळेतून आलेली सर्दी तेव्हा महागात पडते. ताप 100.4 फॅरनहाइटला पोचला की रात्री दोन वाजताही हॉस्पिटल गाठावं लागतं. त्या वेळी मुलाजवळ थांबणाऱ्याचं नाव आधीच पक्कं हवं. मुलाला कांजिण्या होऊन गेल्यात का, लसीचे दोन्ही डोस झालेत का, हे पहिल्या केमोआधी बघा. केमोनंतर 48 तास उलटी साफ करताना हातमोजे घाला, संडासात झाकण लावून दोनदा फ्लश करा.

रेडिएशनमध्ये दमवतो तो रोजचा प्रवास. ठाण्याहून टाटा मेमोरियलच्या खारघरमधल्या कॅन्सर केंद्राला, अ‍ॅक्ट्रेकला ट्रेनचा पाऊण तास, पुढे रिक्षा, मग रांग. आठवड्यातले पाच दिवस अर्धे जातात. मुलाला शाळेतून आणायला दुसरं कुणी लागतंच. बाहेरून दिलेल्या रेडिएशनने मुलाला धोका नसतो, खुशाल जवळ घ्या. थायरॉइडसाठी रेडिओआयोडीन (किरणोत्सारी आयोडीनचं औषध) घेतलं असेल तर मात्र डॉक्टर सांगतील तितके दिवस लांब राहावं लागतं.

काही दिवस सोपवणं

इथे हमखास घोळ होतो. डोंबिवलीच्या बहिणीकडे पंधरा दिवस ठेवलं की झालं, असं वाटतं. पण मूल बाल कल्याण समितीच्या आदेशाने (नमुना 32) तुमच्याच घरी आहे. परस्पर दुसरीकडे ठेवलं तर उद्या उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल. बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 52 खाली समिती बहिणीला ‘योग्य व्यक्ती’ म्हणून, म्हणजे ठरावीक काळ मूल सांभाळायला, मान्यता देऊ शकते. अर्जात उपचाराच्या सुरुवातीची आणि अंदाजे शेवटची तारीख लिहा. डॉक्टरांचं पत्र, तिचं आधार, पत्ता आणि लेखी संमती जोडा. त्यापेक्षा बहीणच तुमच्याकडे राहायला आली तर शाळा बुडत नाही. तेही समितीला कळवा.

परत देणं

तुम्ही एकटे आहात आणि दीर्घकाळ अ‍ॅडमिट राहायचंय, किंवा औषधांनी सतत गुंगी राहते, तर हाच मार्ग. उचलून घ्यावं लागणारं अपंग मूल असेल तर बायपासनंतरचे सहा-आठ आठवडेही झेपत नाहीत. तेवढ्यापुरतं सोपवणं पुरतं. कलम 44 प्रमाणे समिती दर महिन्याला पाहणी करते आणि काळजीत कमी दिसली तर स्वतःच मूल हलवते. आपणहून आधी सांगितलंत तर नव्या कुटुंबाशी दोन-तीन भेटी होऊ शकतात. ऐनवेळी हलवलं तर बहुधा थेट बालगृह. मिशन वात्सल्य या सरकारी बालसंरक्षण योजनेचे महिन्याचे 4,000 रुपये मुलासाठी असतात, त्यांच्याकडे बघून हा निर्णय लांबवू नका.

कुठलीही वाट घ्या, मुलाला आजाराचं नाव सांगा आणि ‘तुझ्यामुळे झालेलं नाही’ हेही. ‘गावाला जातेय’ म्हणून गेलात तर परत येण्यावर त्याचा विश्वास बसत नाही.

आणखी एक. उपचारासाठी खारघर-कामोठ्यात भाड्याने राहायचा विचार असेल तर लक्षात घ्या: बेलापूर ठाणे जिल्ह्यात, खारघर रायगडमध्ये. जिल्हा बदलला की समितीही बदलते, म्हणून भाडेकरारावर सही करण्याआधी तुमच्या सध्याच्या (ठाण्यात राहत असाल तर ठाण्याच्या) समितीची लेखी परवानगी घ्या.